टिटवीचे सात गुरुवार

लीलावती पांढरीपांड्यांना उपदेशाची भारी चीड होती. जी बाई बावीस वर्षं मुलांना गोष्टी सांगत आली तिला उपदेशाची चीड असावी, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण होती. एखाद्या मुलाने गोष्ट लिहून आणली आणि शेवटी त्यातला वाघ म्हणाला, ‘मुलांनो, झाडे लावा, पाणी वाचवा’, की काकू वही मिटून त्याच्या हातात परत द्यायच्या. म्हणायच्या, “वाघाला तुझ्याशी बोलायला वेळ आहे का रे? त्याला भूक लागली असेल. जा, नीट बघून ये.”

भोपाळच्या एका सरकारी पंप कारखान्याची ती टाउनशिप. एकसारखी पिवळी क्वार्टर्स, एकसारखी मेंदीची कुंपणं, आणि सहाच्या भोंग्यावर एकदम उघडणारी एकसारखी दारं. नागपूरहून लग्न होऊन लीलावती इथे आल्या तेव्हा अर्धी क्वार्टर्स बांधून व्हायची होती. त्यांचे यजमान नरहर पांढरीपांडे कारखान्याच्या प्लेटिंग शॉपचे फोरमन. पंपाच्या दांड्यांवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायचा, ते खातं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो नाही, याचा नरहररावांना इतका अभिमान होता की पाहुण्याने चहाला नाही म्हटलं तरी हे त्याला ऐकावंच लागायचं.

मराठी मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी काकूंचा वाचनवर्ग भरे. त्यांचा नियम एकच. ज्याची गोष्ट लिहायची, त्याच्या दाराशी जाऊन बसायचं. निदान चार वेळा. दिसेल ते लिहायचं आणि कोपऱ्यात तारीख नि वार टाकायचा. मुलं मुंग्यांच्या वारुळाशी बसली, पाण्याच्या टाकीखाली बसली, कडुनिंबावरच्या घारीकडे मान मोडेपर्यंत बघत बसली. ‘पर्यावरण’ हा शब्द तेव्हा सरकारी परिपत्रकांतून नुकताच उतरू लागला होता. काकूंनी तो वर्गात एकदाही उच्चारला नाही. पण त्यांच्या वर्गातल्या मुलांना कुठल्या गल्लीत किती चिमण्या उरल्या ते तोंडपाठ होतं.

मोठ्यांचं मात्र उलट झालं होतं. त्या डिसेंबरच्या वायुगळतीला सव्वादोन वर्षं होऊन गेली होती. टाउनशिप शहराच्या दुसऱ्या टोकाला, वारा इकडे फिरला नव्हता. तरी तेव्हापासून कुणी ‘वास येतोय’ म्हटलं की समोरचा घाईघाईने क्रिकेटचा स्कोअर विचारायचा. पोरं प्रश्न विचारत आणि मोठी माणसं त्यांना दामटून गप्प बसवत. काकूंना याचा राग यायचा आणि त्या तो लपवत नसत.

मंडळाचं एक हस्तलिखित होतं, ‘ओंजळ’. वर्षातून एकच अंक, आणि त्याची एकच प्रत. गोष्टी मुलांच्या, अक्षर काकूंचं. छापल्यासारखं अक्षर म्हणून सगळी पानं त्याच लिहून काढत. पाडव्याच्या सुमारास समारंभात अंक निघे, प्रत्येक मूल स्टेजवर आपलं पान वाची, आणि मग ती एकुलती एक प्रत मंडळाच्या बेचाळीस घरी दोन-दोन दिवस मुक्काम करी. त्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशी साली, समारंभ पाडव्याच्या आदल्या दिवशी, रविवारी ठरला होता. अमावास्या आहे म्हणून दोघातिघांनी नाकं मुरडली, पण हॉल तेवढाच मोकळा होता आणि कारखान्याचे जनरल मॅनेजर भटनागर साहेब यायला तयार झाले होते.

सोमवारी दुपारी काकू दौत उघडून बसल्या आणि त्यांच्या हाती अलकाची गोष्ट आली. अलका बोंद्रे, अकरा वर्षांची, सहावीतली. तिचे वडील केशव बोंद्रे नरहररावांच्याच शॉपमध्ये ऑपरेटर होते. पोरगी बोलायची कमी. टाउनशिपच्या मागच्या नाल्याकाठी ती फेब्रुवारीपासून जाऊन बसत होती. तिने लिहिलं होतं:

‘नाल्याजवळ दगडात टिटवीने चार अंडी घातली आहेत. ऊन झालं की ती पाण्यात जाते, पोट भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. म्हणजे अंडी थंड राहतात. सोमवारी ती पोट भिजवते. मंगळवारी भिजवते. बुधवारी भिजवते. गुरुवारी दुपारी तीन वाजता पाणी पिवळं होतं, आपल्या सरबतासारखं. मग ती पाण्याजवळ जाते आणि कोरडीच परत येते. मी सात गुरुवार पाहिले. सातही गुरुवारी पाणी पिवळं होतं. शुक्रवारी सकाळी छोटे मासे उलटे तरंगतात. मी टिटवीला विचारलं, तर ती माझ्यावर ओरडली. तिला वाटलं मीच केलं.’

खाली सात तारखा होत्या.

काकूंनी ती गोष्ट तीनदा वाचली. इतकी वर्षं त्या ज्याची वाट बघत होत्या ते हेच होतं. ना वाघ बोलत होता, ना झाड रडत होतं. एक पोरगी बघत होती, बस. त्यांनी मोठ्या आनंदाने ते पान झोकदार अक्षरात उतरवलं, कोपऱ्यात टिटवी काढली, आणि पाच वाजता नरहरराव आले तेव्हा चहाच्या कपाबरोबर ते पान त्यांच्यापुढे ठेवलं.

नरहररावांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चहावर साय धरली तरी कप उचलला नाही.

“वार कशाला टाकलाय हिने?”

“मीच सांगते टाकायला. का?”

“गुरुवारी आमच्या शॉपचे हौद रिकामे होतात, लीला. क्रोमचे. ते पाणी पिवळं असतं.”

“आणि ते नाल्यात जातं?”

“तसं कसं जाईल? शुद्धीकरणाची टाकी आहे. तिथे औषध पडतं, चुना पडतो, गाळ खाली बसतो, मग वरचं साफ पाणी सोडतात. रजिस्टरमध्ये रोजची नोंद आहे, ‘टाकी चालू’. खाली माझी सही आहे.”

“मग काळजी कसली? म्हणजे हे पाणी तुमचं नाहीच.”

“शहाणपणा नको!” नरहररावांचा आवाज असा चढलेला काकूंनी फार वर्षांत ऐकला नव्हता. “भोपाळ आहे हे. इथे पिवळं पाणी म्हटलं की पुढचं कोण ऐकून घेणार? समोर मोठे साहेब बसलेले असणार, आणि पान कुणाच्या अक्षरात? प्लेटिंगच्या फोरमनच्या बायकोच्या! तीन वर्षं राहिलीत माझी. चौकशी लागली तर सत्तावीस वर्षांचं सगळं मातीत जाईल. ते पान काढ.”

काकूंनी पान काढलं नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. मंगळवारी दुपारी नवीन कागद घेतला आणि अलकाची गोष्ट ‘सुधारली’. गुरुवार गेला, ‘तीन वाजता’ गेलं, सात तारखा गेल्या. ‘कधी कधी पाणी घाण होते’ एवढं राहिलं. शेवट मोकळा मोकळा वाटायला लागला म्हणून त्यांनी खाली लिहिलं, ‘चला, आपण सारे पाणी स्वच्छ ठेवू या.’ लिहून झाल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली. पण नवरा घाबरला होता, आणि त्याची भीती खोटी नव्हती. त्यांनी शाई वाळू दिली आणि पान अंकात ठेवलं.

बुधवारी अलका वाचनाची तालीम करायला आली. पान हातात घेतलं, मनात वाचलं, आणि वर बघितलं.

“काकू, गुरुवार नाही?”

“नको गं. अशी जास्त गोड वाटते गोष्ट.”

“बरं,” अलका म्हणाली. मग पाठ म्हणून दाखवावा तशी तिने ती गोष्ट एका सुरात वाचून दाखवली, कागद टेबलावर ठेवला आणि चपला घालून निघून गेली. रडली नाही, रुसली नाही, एकदाही का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर काकूंनी काहीतरी समजावलं असतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी नरहरराव बूट घालत असताना काकू दारात उभ्या राहिल्या.

“अहो, मला एक सांगा. त्या टाकीशी तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?”

“टाकी कारखान्याच्या मागच्या टोकाला आहे. मला शॉप सांभाळायचं असतं.”

“मग रोज सही कशी करता?”

नरहररावांनी बुटाची नाडी एकदा बांधली, सोडली, परत बांधली. “सोमवारी करतो. आठवड्याच्या सगळ्या रकान्यांत एकदमच. सगळेच करतात. वेळ कुठे असतो?”

“सोमवारीच? गुरुवारची सही सोमवारी?”

“लीला, मला उशीर होतोय.”

“ती पोरगी सात वेळा जाऊन बसली. तुम्ही एकदा बसा. आज गुरुवार आहे. पाणी साफ दिसलं तर मी तिची मूळ गोष्ट तुमच्यासमोर फाडते, आणि मंडळाचं कामही सोडते. पुन्हा एका मुलाला हातात पेन्सिल देणार नाही.”

“मी टिटव्या बघत बसू? या वयात?”

“टिटव्या बघू नका. तुमची सही बघा.”

नरहरराव सायकलवर बसले. दुपारी शेजारच्या क्वार्टरमधल्या पोराने येऊन सांगितलं की काकांनी हाफ डे टाकलाय आणि सायकल नाल्याकडे वळताना दिसली. काकूंनी घड्याळात पाहिलं. पावणेतीन वाजले होते.

त्यानंतरच्या पावणेचार तासांत त्यांनी तेच तांदूळ तीनदा निवडले. पाणी साफ निघावं असं त्यांना वाटत होतं. म्हणजे घर वाचेल. आणि पाणी साफ निघालं तर अलका खोटी ठरेल, हेही त्यांना सहन होत नव्हतं. चारच्या सुमाराला भाजीवाली आली. “माई, पालक ले लो, नाले वाली बाड़ी का है, अभी तोड़ा.” गेली दहा वर्षं काकू तिच्याकडूनच पालक घेत होत्या. त्यांनी जुडी हातात घेतली, देठाशी हुंगून पाहिली, आणि परत टोपलीत ठेवली. “आज नको,” म्हणाल्या. भाजीवाली त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

नरहरराव साडेसहाला आले. विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. बाहेरच्या नळावर पाय न धुता तसेच आत आले आणि खुर्चीत बसले.

“पिवळं आहे,” ते म्हणाले. “सरबतासारखं. तिने बरोबर लिहिलंय.”

काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

“मी पाइप धरून वर चढत गेलो. औषध सोडणारा पंप बंद पडलाय. जानेवारीपासून. टाकी नुसती उभी आहे. गुरुवारी हौदाचं पाणी आलं की ती भरून वाहायला लागते, म्हणून बाजूचा व्हॉल्व्ह उघडून सरळ नाल्यात सोडतात. आणि तो व्हॉल्व्ह कोण उघडतो, माहीत आहे? गुडघाभर पाण्यात उतरून, उघड्या हातांनी?”

“कोण?”

“केशव. अलकाचा बाप.”

काकूंनी पेला खाली ठेवला.

“मी त्याला म्हटलं, अरे हे काय करतोस? तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, साहेब, पंप बिघडल्याचं मी जानेवारीतच शिफ्टवाल्यांना सांगितलं. पण रजिस्टरमध्ये दर गुरुवारी तुमची सही होती, टाकी चालू म्हणून. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे, आणि असंच करायचं ठरलंय.” नरहररावांनी चष्मा काढला. “बारा आठवडे, लीला. बारा आठवडे तो माझ्या सहीवर विश्वास ठेवून त्या पाण्यात उतरत होता. त्याच्या बोटांना भोकं पडलीत.”

आता काकूंची पाळी होती घाबरायची. गुरुवारचं पान वाचलं गेलं तर पहिली मान कुणाची पकडली जाणार? व्हॉल्व्हवर ज्याचा हात होता त्याची. पोरगी भर सभेत वाचणार आणि बापाची नोकरी जाणार. दिसेल ते लिही, असं त्या पोरीला सांगितलं कुणी? आपणच. काकूंना स्वतःच्या नियमाचीच भीती वाटली.

“ते दुसरंच पान राहू दे,” त्या म्हणाल्या. “घाण-स्वच्छवालं.”

“नाही,” नरहरराव म्हणाले. “उद्या मी लिहून देतो. माझ्या नावाने.”

शुक्रवारी त्यांनी लिहून दिलं. खात्याचे मॅनेजर सक्सेना साहेब यांनी कागद वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. “पांढरीपांडे जी, तीन साल बचे हैं, आराम से निकालिए. पंप की डिमांड गई हुई है, आ जाएगा.” मग जरा थांबून, “और वो बच्चों की किताब में कोई पन्ना है, सुना है. उसको निकलवा दीजिए. नहीं तो इनक्वायरी होगी, और मुझे पूछना पड़ेगा कि वाल्व किसने खोला. किसका नाम लिखूँ?”

पानाची बातमी साहेबांपर्यंत कशी गेली? मंडळाचे चिटणीस वसंतराव अलोणी बुधवारी कच्च्या गोष्टी चाळून गेले होते. वसंतराव माणूस वाईट नव्हता. फक्त कुठल्याही साहेबाला कुठलीही गोष्ट आपल्याआधी दुसऱ्याकडून कळू नये, अशी त्यांना काळजी असायची.

शनिवारी दुपारी केशव स्वतः दारात येऊन उभा राहिला. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. आत ये म्हटलं तरी येईना.

“काकू, पान वाचायचं तर वाचू द्या. माझं काय व्हायचं ते होईल. पण एक करा. व्हॉल्व्ह मी उघडत होतो हे अलकाला कळू देऊ नका. तिला माहीत नाही. बाप काय काम करतो म्हणून ती शाळेत फार अभिमानाने सांगते.”

तो गेल्यावर काकू बराच वेळ कोरा कागद पुढे घेऊन बसल्या. एका बाजूला नवरा, एका बाजूला केशव, आणि मधे ती पोरगी, जिला कशाचा पत्ता नाही. शेवटी त्यांनी अलकाची गोष्ट पहिल्यापासून पुन्हा लिहायला सुरुवात केली. सोमवारी ती पोट भिजवते. मंगळवारी भिजवते. गुरुवारही लिहिला. सातही तारखा लिहिल्या. मग सुई-दोरा घेऊन अंक शिवून टाकला. आता पान काढायचं तर फाडावंच लागलं असतं.

रविवारी हॉल गच्च भरला. भटनागर साहेब पहिल्या रांगेत, बाजूला सक्सेना साहेब, गळ्यात हार, हातात पेढ्यांची बशी. भटनागर साहेबांना मराठी येत नव्हती, पण ते प्रत्येक मुलासाठी मनापासून टाळ्या वाजवत होते आणि वसंतराव माइकवरून थोडक्यात हिंदीत सांगत होते. काकू स्टेजच्या कडेला अंक हातात धरून उभ्या होत्या. नरहरराव चौथ्या रांगेत, केशव दाराजवळ, हात पाठीमागे घेऊन.

अलकाचं नाव पुकारलं. तिने अंक उघडला, आणि तिची नजर पानावर थबकली. तिने एकदा काकूंकडे बघितलं. काकूंनी मान डोलावली. मग तिने वाचायला सुरुवात केली, आणि हा आवाज बुधवारचा नव्हता.

“गुरुवारी दुपारी तीन वाजता पाणी पिवळं होतं,” ती म्हणाली, आणि हॉलमधले पंखे ऐकू यायला लागले. प्लेटिंगमधली पाचसहा माणसं होती, त्यांनी माना खाली घातल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नाल्याकाठच्या वाडीतली पालकाची भाजी सगळ्यांच्याच घरी येत होती. अलकाने तारखा वाचल्या, एक एक करून, सात. “तिला वाटलं मीच केलं,” असं म्हणून अंक मिटला. टाळी वाजली नाही.

“अरे, क्या पढ़ा बिटिया ने? सब चुप क्यों हो गए?” भटनागर साहेबांनी हसून विचारलं.

वसंतराव माइकवर झुकले. “सर, चिड़िया की कहानी है. बच्ची ने सीख दी है कि हमें पानी साफ़ रखना चाहिए.”

“वाह! बहुत सुंदर!” साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सक्सेना साहेबांनी वाजवल्या. मग हॉलने वाजवल्या, जोरात, सुटल्यासारख्या. खरं सांगायचं तर काकूंनाही क्षणभर सुटल्यासारखंच वाटलं. वाचलंही गेलं, कळलंही नाही, घर राहिलं, केशव राहिला. पुढच्याच क्षणी त्यांना त्या वाटण्याची लाज वाटली.

तेवढ्यात चौथ्या रांगेत खुर्ची सरकली.

“सर, सीख नहीं दी है,” नरहरराव उभे राहून म्हणाले. सत्तावीस वर्षांत ते साहेबापुढे न विचारता बोलले नव्हते. “वसंतराव से ज़रा छूट गया. बच्ची ने लिखा है कि हमारे नाले का पानी हर गुरुवार तीन बजे पीला होता है. सात तारीखें दी हैं. आठवाँ गुरुवार तीन दिन पहले था, वो मैंने देखा.”

“आप कौन?”

“नरहर पांढरीपांडे, फोरमन, प्लेटिंग. वो पानी मेरी शॉप का है सर, क्रोम का. टंकी का पंप जनवरी से बंद है, और रजिस्टर में टंकी चालू लिखा है. नीचे साइन मेरा है. मैंने बिना देखे किया. वाल्व जिसने भी खोला, मेरे साइन के भरोसे खोला. पूछना हो तो मुझसे पूछिए.”

भटनागर साहेबांनी पेढ्यांची बशी खाली ठेवली. सक्सेना साहेबांकडे पाहिलं. सक्सेना साहेब बुटांकडे बघत होते. साहेब उठले, कुणाशी न बोलता बाहेर गेले, आणि पाठोपाठ अर्धा हॉल रिकामा झाला. पाडव्याचं श्रीखंड त्या वर्षी मंडळाच्या पातेल्यातच आंबट झालं.

नरहररावांना सोमवारी मेमो मिळाला, आयुष्यातला पहिला. चौकशी दीड महिना चालली. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर दिलं, सही माझी आहे. शेवटी प्लेटिंगमधून काढून त्यांना भंगार यार्डात बसवलं, आणि उरलेली वर्षं ते तिथेच राहतील असं कागदावर आलं. आता पाहुण्यांना सांगायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. पण पंप बदलला गेला. केशवला रबरी हातमोजे मिळाले आणि त्याची नोकरी राहिली.

‘ओंजळ’ अकराव्या घरापर्यंत गेली आणि तिथून पुढे कुणी ती घ्यायला आलं नाही. वसंतरावांनी फार गोड शब्दांत सुचवलं की वाचनवर्ग आता नव्या पिढीकडे द्यावा. काकूंनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. बाहेर आल्यावर मात्र त्या रडल्या. बावीस वर्षांचा रविवार होता तो.

मे महिन्यात एका सकाळी अलका त्यांच्या व्हरांड्यात आली. वाचायला नेलेलं पुस्तक परत द्यायचं होतं. ते दिलं, तरी उभीच राहिली.

“काकू, तुम्ही रागावणार नसाल तर सांगते. मी दिसलं ते सगळं लिहिलं नव्हतं.”

“काय राहिलं?”

“बाबा.”

काकूंच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

“दर गुरुवारी दिसायचे,” अलका खाली बघत म्हणाली. “पाण्यात उतरून ते चाक फिरवायचे. त्यांना वाटतं मला माहीत नाही. हात इतके दुखायचे त्यांचे, की घास आई भरवायची. आई म्हणायची सोडा ते काम, तर म्हणायचे, साहेबांची सही आहे, साहेबांना माहीत असेल. म्हणून मी बाबांना गोष्टीतून काढलं आणि वार तेवढा ठेवला. वेळ पण लिहिली. म्हटलं, वाचून कुणीतरी मोठं माणूस गुरुवारी तीन वाजता बघायला येईल.”

काकूंना तिच्याकडे बघवेना. या पोरीने गोष्ट लिहिलीच नव्हती. तिने हाक मारली होती, बापाला धक्का न लावता, जमेल तितक्या हळू. आणि जगात तिने ती एकाच बाईच्या हाती दिली होती.

“आणि मी गुरुवारच काढून टाकला,” त्या म्हणाल्या.

“हो,” अलका म्हणाली. “तेव्हा मला वाटलं, तुम्हालापण माहीत असेल.”